तांबडी शाई

सामने अकरा. जिंकला एक, बरोबरी तीन,
हरलो सात.
पेपरात एवढंच आलं, पान सहा, खालचा कोपरा,
पाणबुडी मोटारीच्या जाहिरातीला खेटून.

मी मार्केट यार्डात गुळाच्या काट्यावर बसतो.
बावीस वर्षं झाली.
रवा ठेवला की आकडा येतो, आकडा खोटा नसतो,
पण आत ओल किती ते अंगठ्यानं दाबूनच कळतं.
म्हणून चिंचबाग तालमीची वही मी दोन शायांनी लिहिली.
घडलं ते निळ्यानं.
घडता घडता राहिलं ते तांबड्यानं.

तांबडं पेन फेब्रुवारीतच संपलं.

तोफखाना तालीम, शून्य-एक.
तीनदा दांड्याला लागला बॉल. तिसऱ्यांदा असा
की दांडा थरथरत राहिला
आणि त्यांच्या गोलकीपरनं त्यावर तळवा ठेवला,
बुजलेल्या बैलावर ठेवावा तसा.
चार मिनिटं उरली असताना
आमच्याच शिरीष भेडसगावकरच्या गुडघ्याला लागून आत.
त्याआधी सगळा वेळ शिरीषनं
त्यांच्या नऊ नंबरला वाराही लागू दिला नव्हता.
संध्याकाळी चौकात फलक: "गुडघ्याचा नाद खुळा".
शिरीष दोन आठवडे मागल्या बोळानं घरी गेला.

आणि तो रविवार, शाहू स्टेडियम, दोन-तीन.
इंफाळचा थोइबा, महिना अठरा हजार,
तालमीवरच्या खोलीत राहायला,
मराठीचे शब्द त्याच्याकडं तीनच: लगा, मागं, दे.
त्या तीन शब्दांवर एकोणीस पास झाले.
मोजलेत मी. जमीर अत्तारपासून सुरू,
डावीकडून उजवीकडं, परत मागं, सगळं जमिनीवरून,
पंगतीत मान न वळवता
शेजारच्यापुढं वाटी सरकवावी तसं.
हलगीवाल्याचा हात वरच राहिला.
पलीकडच्या गर्दीत एका म्हाताऱ्यानं टोपी काढली,
आणि आपण कुणाच्या बाजूचे ते आठवून
परत घातली.
विसावा बॉल थोइबानं मारला,
तो बारवरून, भिंतीवरून, थेट रस्त्यावर.

निळ्या शाईत ह्यातल्या कशालाच जागा नाही.

जिंकलो तो सामना सांगतो.
नुसती ढकलाढकली. रेफ्रीनं दिलेली फुकटची पेनल्टी.
आमचा गोलकीपर दोनदा सटकला,
दोन्हीदा त्यांचाच पाय घसरला.
रात्री गुलाल, रात्री डॉल्बी,
सरनाईक अध्यक्षांनी पेठेला मटण घातलं.
त्या पानावर तांबडं अक्षर एक नाही.

मला कळतं. हरणाऱ्याची वही नेहमीच जाड असते.
तोफखान्यालाही लागला असेल कधी दांडा,
त्यांनी लिहून ठेवला नाही, एवढंच.
बैठकीत मी तांबडं वाचायला घेतलं
तर खजिनदार गवळी म्हणाला,
"नाना, ह्याचं बिल कुणाच्या नावावर फाडू?"
सगळे हसले. मीही हसलो.
शिरीष तेवढा म्हणाला, "परत वाचा. ते एकोणीसचं."

थोइबा मे महिन्यात गेला.
स्टँडवर बॅग खाली ठेवून त्यानं दोन्ही हातांनी
हवेत एक गोल केला, भुवया उचलल्या.
तो बॉल. सापडला का?
मी मान हलवली.

परवा काट्यावरनं परतताना
गवंडी बोळात पाच पोरं. बॉल सोललेला,
तालमीचा शिक्का अर्धाच उरलेला: "चिंच".
सायकल भिंतीला टेकवली. मोजायला लागलो.
सात झाले,
मग खताचा टेम्पो आला.